आधी धार, की आधी पान?

लाकडावर कोरीवकाम शिकायला गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी लाकूड मिळत नाही, दगड मिळतो. एक बोथट पटाशी आणि धारेचा निसणा पुढ्यात टाकून मिस्त्री आपल्या कामाला लागतात. ही रीत बरोबर की चूक, यावर सुतारांच्या घरात पूर्वी फारसा वाद होत नसे, कारण वाद घालतील अशी माणसं तिथं शिकायला येतच नसत. आता येतात. कुणी नोकरी सांभाळून शनिवारी-रविवारी चमचे कोरतं, कुणाला निवृत्तीनंतर हातांना काम हवं असतं. व्हिडिओ पाहून आलेली ही मंडळी ‘का?’ असं विचारतात.

खालचे मामा-भाची एका घरातले नाहीत, पण त्यांची वाक्यं मी वेगवेगळ्या कारखान्यांत ऐकलेली आहेत. मामा पुण्यात देव्हारे करतात आणि जुन्या वाड्यांची दुरुस्ती निघाली की कुजलेल्या केळफुलांच्या जागी नवी कोरून बसवतात. भाची धातुशास्त्राची इंजिनिअर. तिची आई ही मामांची थोरली बहीण. बोलण्यात येणारे नाना म्हणजे मामांचे वडील.

भाची : मामा, रविवारमागून रविवार तू मला नुसतं घासायला बसवतोयस.

मामा : मग? लागली का धार?

भाची : लागली की. कागद सर्रकन कापते.

मामा : कागदाचा देव्हारा करायचाय का तुला? हा आंब्याचा तुकडा घे. याच्या टोकावर काप, तंतूंना आडवी जा. हं. आता उजेडाकडे धर. काय दिसतं?

भाची : चकाकी आलीये. मध्ये एक बारीक पांढरी रेघ आहे.

मामा : त्या जागी तुझ्या धारेला खाच आहे. कागदानं सांगितली का ती तुला?

भाची : नाही सांगितली. पण पहिल्याच दिवशी पान कोरायला दिलं असतंस, तर हीच रेघ मला पानावर दिसली असती. मग तू न सांगता मी दगडाकडे गेले असते. माझं म्हणणं एवढंच आहे.

मामा : नसती गेलीस. खांदा लावला असतास. नवखा माणूस असाच असतो. पटाशी चालेना की त्याला वाटतं, जोर कमी पडला. तो रेटतो, पटाशी एकदम सुटते आणि पुढं त्याचाच डावा हात असतो. धारदार हत्यारानं कापलं तर जखम सरळ असते. बोथट हत्यार जास्त लागतं, कारण त्याच्या मागं सगळं अंग असतं.

भाची : त्याला उपाय आहे. लाकूड शिकंज्यात आवळायचं, दोन्ही हात पटाशीवर ठेवायचे. एक हात ढकलतो, दुसरा धरून ठेवतो. एकही हात धारेच्या पुढं येत नाही. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. त्यासाठी महिनाभर दगड कशाला? शिवाय मी मऊ लाकूड आणलं होतं, मुद्दाम. पांगारा.

मामा : आणि तो फाटला.

भाची : फाटला.

मामा : का?

भाची : ते तूच सांग.

मामा : मऊ लाकूड सोपं, असं सगळ्यांना वाटतं. पण धार त्याला जास्त लागते. सागाचा तंतू कडक असतो, धार थोडी कमी असली तरी तो अंग न चोरता तुटतो. पांगाऱ्याचा तंतू आधी दबतो, मग मुळातून उपटून येतो. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याची फळं करत आले. लोक रंग बघतात आणि खूश होतात. त्या रंगाखाली लाकूड किती साफ कापलंय ते कुणी बघत नाही.

भाची : बरं, हे मान्य. पण साग धार लवकर घालवतो हेही खरं ना? सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचेच कण म्हण. म्हणून तुझ्या पटाश्यांचा उतार मी मोजला. सागाच्या कामाच्या सगळ्या पंचवीस अंशांच्या आसपास निघाल्या. बारीक कामाच्या वीसच्या जवळ. हातोडा मारायच्या तीसकडे झुकलेल्या.

मामा : मी कधी मोजलं नाही.

भाची : तेच तर. तुझ्याकडे पद्धत आहे, फक्त ती तू कुणाला सांगितली नाहीस. पातळ उतार सहज शिरतो पण टवके उडतात, जाड उतार टिकतो पण जोर मागतो. एवढं एका ओळीत लिहून भिंतीला लावलं असतंस, तर पोरांचं वर्ष वाचलं असतं.

मामा : लाव की. लावून बघ. पण उतार किती अंशाचा यापेक्षा तो सपाट आहे का, हे मोठं. कोरताना पटाशी त्या उतारावर टेकून चालते. उतार सपाट असला तर लाकडावर बसतो आणि तू मूठ जेवढी उचलशील तेवढंच पातं आत जातं. दगडावर हात डुगडुगला की उताराला पोट येतं. मग पटाशी घसरते नाही तर खोल घुसते, आणि माणूस म्हणतो लाकूड वाईट. तुझा पंचवीस अंश पोट आलेल्या पटाशीवर कुठं मोजणार?

इथं मला मामांच्या बाजूनं थोडं बोलायला हवं. पुस्तकात उताराचा कोन असतो, पोटाबद्दल क्वचित असतं. पोट का येतं तेही समजून घेण्यासारखं आहे. पटाशी मागं ओढताना मनगट खाली जातं, पुढं नेताना वर येतं, आणि हा झोका ज्याचा त्याला दिसत नाही. कोपर अंगाशी धरून कमरेतून पुढं-मागं झालं की झोका कमी होतो. गोल पटाशीचा प्रकार आणखी वेगळा. ती दगडावर आडवी सरकवत असतानाच मनगटात फिरवावी लागते, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि कोपरे आले की थांबावं लागतं. नाही तर कोपरे गोल होतात आणि मधला भाग जाड राहतो. घासता घासता काठावर एक बारीक तार येते, ती बोटाला आतल्या बाजूनं जाणवते. ती आली म्हणजे धार काठापर्यंत पोचली. मग आतून हलका हात आणि शेवटी चामड्याचा पट्टा, पातं नेहमी मागं ओढत. पुढं ढकललं तर पट्टाच चिरतो. हे सगळं लिहिता येतं, मी आत्ता लिहिलंच. तरी वाचून कुणाची धार लागेल असं मला वाटत नाही.

भाची : नावांचंही तसंच. शेफिल्डच्या कारखानदारांनी गोल पटाश्यांना नंबर दिले. 3 नंबर जवळजवळ सपाट, 9 नंबर म्हणजे अर्धं वर्तुळ, 39 नंबर म्हणजे व्ही आकाराची. नंबर आणि रुंदी सांगितली की कुठली पटाशी हवी ते दुकानदाराला कळतं. तुझ्या पेटीत काय आहे? ‘नानांची’, ‘ती वाकडी’, ‘मोडलेल्या मुठीची’. बाहेरचा माणूस दुकानात जाऊन मागणार काय?

मामा : बाहेरच्यानं मागावी असं कुणाला वाटत होतं?

भाची : हे बरं बोललास.

मामा : लपवत नाही मी. कोरायचं काम घराबाहेर गेलं की मजुरी खाली येणार, हे सगळ्यांना कळत होतं. तुझ्या नोकरीत कंपनीची गुपितं बाहेर सांगतेस का?

भाची : नाही. पण मी त्याला शिक्षणपद्धती म्हणत नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत लॉर्ड रे यांच्या नावानं कार्यशाळा निघाल्या, तिथं लाकडावरचं कोरीवकाम शिकवायचे. पुढ्यात नकाशा, चित्र, ठरलेला क्रम. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत हे कळलं होतं.

मामा : आणि चित्र बघून पटाशी धरता येते होय? कुणाचा तरी हात बघूनच शिकले असतील. असो. पोलादाचं बोल, ते तुझं आहे.

पोलादावर दोघांचं जमतं. माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, कारण इथं दोघांनाही दुसऱ्याची गरज पडते.

भाची : नानांच्या पटाश्या कुणी केल्या?

मामा : गावच्या लोहारानं. जुन्या झिजलेल्या कानशी द्यायच्या त्याला. तो ठोकून पातं काढायचा आणि पाणी द्यायचा. पुढं पुढं ट्रकच्या पाट्यांच्याही केल्या. पाट्याची पटाशी कधी मोडत नाही, पण धार धरत नाही. कानशीची धार राहते, पण गाठीवर टवका जातो. का, ते मला माहीत नाही.

भाची : कानशीच्या पोलादात कार्बन जास्त, शेकडा एकाच्या वर. पाट्याला वाकून परत सरळ व्हायचं असतं, म्हणून त्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. कार्बन जास्त म्हणजे पाणी दिल्यावर जास्त कडक, आणि जास्त ठिसूळही. म्हणून पाणी दिल्यावर लोहार परत हलकं तापवतो, ठिसूळपणा घालवायला.

मामा : हो, पिवळा रंग चढेपर्यंत. मग थांबायचं.

भाची : गवती पिवळा म्हणजे साधारण 220-230 अंश. निळा आला की 300 च्या जवळ गेलं. मामा, तुझा तो नवा पोरगा परवा ग्राइंडरवर टवका काढत होता, टोक निळं झालं. त्यानं चटकन पाण्यात बुडवलं आणि म्हणाला, झालं थंड.

मामा : पाणी उतरलं त्या पटाशीचं.

भाची : उतरलं. निळं झालं तेव्हाच गेलं, मागून बुडवून परत येत नाही. तेवढा भाग घासून टाकायचा, दुसरा उपाय नाही. आता सांग, हे त्याला आधी कुणी सांगितलं होतं?

मामा : मी ओरडलो ना.

भाची : निळं झाल्यावर.

मामा : माझ्यावरही निळं झाल्यावरच ओरडले होते.

भाची : याला परंपरा म्हणायचं का?

मामा : हसू नकोस. ओरडा खाल्लेला माणूस परत निळं करत नाही.

हत्यारांच्या निगेवरही असेच खटके उडतात. मामांना पटाश्या उघड्या पेटीत एकमेकींवर पडलेल्या चालत नाहीत. कॅनव्हासची घडी, प्रत्येकीला आपला कप्पा, धार वर. चामड्याचं म्यान त्यांना मुळीच नको, कातडं ओल धरतं. पावसाळ्यात पेटीत कापराच्या वड्या टाकतात. भाचीचा कापरावर विश्वास नाही, तेलाच्या बोळ्यावर आहे.

भाची : तेलही कुठलं? तू दगडावर गोडेतेल ओततोस. ते काही दिवसांनी चिकट होतं आणि दगडाची बारीक भोकं बुजतात. मग दगड कापत नाही, नुसता सरकतो.

मामा : रॉकेल होतं तेव्हा रॉकेल टाकत होतो. आता सांग कुठून आणायचं ते.

भाची : शिलाई मशीनचं तेल टाक. आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतोस ना? पाणी शिंपडतोस, ओलं कुंकू लावतोस, फुलं वाहतोस आणि रात्रभर तसंच ठेवतोस. दसऱ्याला सकाळी गंजाचे ठिपके मी स्वतः बघितलेत.

मामा : पूजेच्या आधी तेलाचा हात फिरवायचा असतो. यंदा राहिला.

भाची : दरवर्षी राहतो.

मामा : ठीक आहे, तेल तू लाव. पुढच्या वर्षी आरतीही तूच कर.

भाची : आणि हा दगड? मध्ये एवढा खोलगट झालाय की सपाट पटाशीची धार त्यावर वाकडीच होणार. काचेवर पॉलिशपेपर पसरून घासते, एका दुपारचं काम आहे.

मामा : हात लावायचा नाही त्या दगडाला. सपाट पटाशीला नवा दगड घे. गोल पटाशीला हाच खळगा लागतो, ती त्यात बरोबर बसते.

भाची : हा खळगा इतका पडायला किती वर्षं लागली असतील?

मामा : खूप.

भाची : तू पाडलास?

मामा : नाही.

भाची : मग?

मामा : तुझ्या आईनं. शाळेतून आली की ती नानांच्या आणि माझ्या पटाश्या घेऊन ओसरीवर बसायची. लग्न होईपर्यंत.

भाची : म्हणजे ‘आधी धार, मग कोरणं’ या तुझ्या नियमानं घरातली सर्वांत तयार विद्यार्थिनी ती होती.

मामा : होती.

भाची : तिला पान कधी दिलंत?

मामा : नाही दिलं.

भाची : तुला?

मामा : मी सहावीत कमळ केलं.

भाची : धार लावून?

मामा : तिनं लावलेल्या पटाशीनं.

भाचीनं वाद इथं जिंकला, असं मला ऐकताना वाटलं. नियम खरा असता तर तो सगळ्यांना लागला असता. मुलीला दगडापाशी कायमचं ठेवणारा आणि मुलाला दगड ओलांडून थेट लाकडावर नेणारा नियम, तो शिकवण्यासाठी नव्हता, काम करून घेण्यासाठी होता. बाहेरून आलेल्या पोरालाही दोन-दोन वर्षं धार लावायला ठेवत, त्यात उस्तादाची हत्यारं फुकटात तयार होत, हेही विसरायला नको. माणूस शिकतो तो स्वतःच्या धारेनं स्वतःचं वाईट पान कोरून. एक पान, मग दगड, परत पान. तरी मामा पुढं जे म्हणाले त्यानं माझा निकाल थोडा अडला.

मामा : चुकलं ते चुकलं. पण धार लावणं खालचं काम, असं तू म्हणतेस तेव्हा तिचाच अपमान करतेस.

भाची : मी कुठं तसं म्हटलं?

मामा : ‘नुसतं घासायला’ म्हणालीस. ऐक. संध्याकाळी पटाशी हातात घेतली की ती विचारायची, आज फणस होता का? गाठ लागली का रे? आम्ही कारखान्यात काय केलं ते तिनं बघितलेलं नसायचं. धारेवरून कळायचं. डावा कोपरा झिजलाय म्हणजे मी मूठ वाकडी धरतो, हे नानांनी नाही सांगितलं मला, तिनं सांगितलं. मी इतकी वर्षं कोरतोय, मला नाही धार वाचता येत तशी.

भाची : आणि तिनं त्या वाचण्याचं पुढं केलं काय?

मामा : विळी चांगली लावते.

भाची : मामा!

मामा : खरं तेच सांगतो. पान न देता नुसती धार शिकवली तर विळीपर्यंत जाते. हे तुझंच म्हणणं झालं, घे. पण धार न शिकवता पान दिलं तर काय होतं तेही बघ. समोरच्या दुकानात सीएनसी मशीनवर एमडीएफचे देव्हारे निघतात. कमळ माझ्यापेक्षा सारखं येतं. मशीन चालवणारा पोरगा हुशार आहे, मला आवडतो. पण मशीनचं पातं बोथट झालं की तो नवं बसवतो. जुनं का बोथट झालं हे त्याला विचारावंसं वाटत नाही.

भाची : त्याला गरज नाही.

मामा : नाहीच. गरज तुला आहे, तुला हातानं करायचंय म्हणून. विश्रामबागवाड्यापुढं उभी राहिलीस कधी? 1807 च्या सुमाराचं काम. सुरूदार खांब, वर महिरपी, सगळा साग.

भाची : राहिले आहे. दुसऱ्या बाजीरावाचं नाव पाटीवर आहे, कोरणाऱ्या एकाचंही नाही. धार लावणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही.

मामा : एका जुन्या वाड्याचं केळफूल दुरुस्तीला उतरवलं होतं मी. मागची बाजू, जी भिंतीकडे असते, तिथं प्रत्येक कापावर एक बारीक उभी रेघ होती. एकाच जागी. पटाशीला खाच होती त्या माणसाच्या, आणि मागची बाजू म्हणून त्यानं दगडाकडे जायचा कंटाळा केला. पुढच्या बाजूला एकही रेघ नाही.

भाची : तू काय केलंस?

मामा : नवं केळफूल केलं. मागच्या बाजूला मीही धार लावली नाही.

यावर दोघं हसले आणि मग भाचीनं मुद्द्याचं विचारलं, नव्या माणसानं सुरुवात कशानं करावी. मामांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडली. मोठा संच विकत घेऊ नये, त्यातल्या निम्म्या पटाश्या पेटीत गंजतात. एक सपाट, एक थोड्या गोलाईची, एक खोल गोल, एक व्ही, एवढ्यावर बरीच वेलबुट्टी होते. लाकूड शिवण घ्यावं, ती मऊ असूनही तंतू धरून राहते. आधी कागदावर पान काढावं, मग फळीवर. बाहेरची रेघ व्हीनं, मग जमीन, म्हणजे पानाभोवतीचं लाकूड, उतरवायची, मग पानाचा उतार. शीर सर्वांत शेवटी, कारण ती आधी कोरली की उतार देताना निघून जाते. तंतू उलटे उठायला लागले की जोर न वाढवता दिशा बदलायची. भाचीनं यातलं सगळं मान्य केलं, फक्त पहिल्या दिवशी दगडही आणि शिवणही, दोन्ही द्यायचं, एवढी अट घातली. मामा म्हणाले, पटाशी मात्र बोथटच देईन. तिला तेच हवं होतं.

भाची : मग नानांची पेटी मला देशील?

मामा : देईन. ग्राइंडर दाखवलास तर परत घेईन.

भाची : आईलाही बोलावते रविवारी. तिला आता तरी पान कोरू दे.

मामा : विचार तिला.

तिनं तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं, कमळासकट. पलीकडून आलेलं उत्तर स्पीकरवर होतं, म्हणून मलाही ऐकू आलं.

‘पान-बिन मला काही कोरायचं नाही आता. पेटी खुशाल तू घे. पण तो दगड माझा आहे. मामाला म्हणावं, रविवारी येताना दगड घेऊन ये, आणि त्यावर गोडेतेल कोण ओततं ते मला बघायचंय.’